शालनच्या जागी मी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, कुणास ठाऊक — पण आता राहवत नाही.

माहेरी, बारामतीजवळच्या सांगवीला गेले की कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या रेडिओवर आमच्यावाणी बोलणारं कुणी न्हायच की गं!" मी लगेच मान हलवते. साहेब लोकांना नावं ठेवते — पुण्यात एसीत बसतात, त्यांना काय कळतंय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सरकारी रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमाची मी निवेदिका. सुप्याच्या शालनला मीच शोधलं. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, रोज स्वतः मोटारसायकल चालवत जाणारी. त्या नोकरीपायी सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या पोरींना मात्र सासूच सांभाळायची. शालन म्हणाली, "तोंडावर बोलायला जीभ रेटत न्हाय, ताई. रेडिओवर बोलते. आत्या रोज रेडिओ ऐकत्यात."

आणि बोलली. "आत्या, तुमी हाय म्हणून माझ्या पोरींचं निभतंय. माझ्यावर रागवा, पर बोला." माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हो.

मग मी काय केलं? — सांगते, थांबा. सांगायलाच बसलेय ना?

पुण्यात नवी होते तेव्हा माझ्या 'हितं-तितं'ला सगळे हसले होते. मी घासून घासून भाषा गुळगुळीत केली. शालनचं ऐकताना वाटलं, लोक म्हणतील, निवेदिकाही हिच्याच गावाकडची दिसते. एवढंच! म्हणून मी तिचे शब्द 'शुद्ध' केले, माइकपुढे बसले आणि तिचं नाव सांगून स्वतः वाचले. "आत्याबाई, आपण आहात म्हणून..." शी! साहेबांनी सांगितलं म्हणून? नाही. साहेब तर मूळ रेकॉर्डिंग थोडं ऐकून म्हणाले होते, "काय सुंदर बोलतात बाई! असंच जाऊ द्या." मीच त्यांना खोटं सांगितलं — पुढे आवाज फार खराब आलाय. आणि कुणी तपासू नये म्हणून शालनचं बोलणं पुसून टाकलं.

कार्यक्रम लागला त्याच दुपारी तिचा फोन आला. मोबाईलवर रेडिओ लावून तिनं सासूला शेजारी बसवलं होतं. सासू अर्ध्यातूनच उठली. सुनेला नाही, नातीला म्हणाली, "आय तुझी मुकी हाय का? दुसरी बाई कशाला बोलायला लावली?"

शालन चिडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या! तिनं हळूच विचारलं, "ताई, माझं बोलणं वंगाळ हुतं का? परत एकदा या की. तुमच्यावाणी बोलायचा सराव करून ठेवते."

"बरं, कर सराव," मी म्हणाले. गेले मात्र कधीच नाही.