पेपरावर मुतणारं शिकलेलं कुत्रं

आपल्या पोंभुर्ण्याच्या बायाहो आन् भाऊहो, माह्या पोराची अक्कल आज सांजच्याले दिसली, म्हणून लिहून राह्यली.

पोरगा नागपूरवरून आला. संगं मांजरीएवढं पांढरं कुत्रं. म्हणे, "आई, याचं ट्रेनिंग झालं. घरात घाण नाई करत, पेपरावरच करते."

म्या आंगणात पेपर हातरून मोहफुलं वाळू घातले होते. कुत्र्यानं पेपर पाह्यला आन् शिकवल्यापरमानं त्याच्यावरच मुतलं.

पोराले आला राग. त्यानं कुत्र्याले घरामागच्या सांदवाडीत खुट्याले बांधलं. म्हणे, "राहू दे सकाळपावतर, मंग शिकन."

म्या म्हटलं, "बाबू, बिबट्याले ताट वाढून राह्यला काय? शेजारच्या बाईचं बकरू तिथूनच नेलं त्यानं."

"काई नाई होत आई," म्हणे, आन् मोबाईल घेऊन खाटेवर पडला. एवढा शिकला, पण त्याच्यापेक्षा बकरीले जास्त समजते.

अंधार पडला तसे गल्लीतले कुत्रे एकदम चूप झाले. मी काठी आन् बॅटरी घेऊन मागं गेली. कुत्रं थरथर कापत होतं. बिबट होता का नव्हता, हे पाहत मी उभी राह्यली नाई. कुत्रं काखेत मारलं, घरात आणलं, दार लावलं. कोपऱ्यात पेपर टाकला, तर त्यानं गुमान तिथंच केलं.

पोरगा अजून खाटेवरच आहे.

कुत्र्यानं जसं शिकवलं तसंच केलं. आता तुमीच सांगा, खुट्याले बांधाचं कोणाले होतं?