काळी चारच्या खाली घुमणारा आवाज

बी.एस्सी. होऊन मी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो आणि त्याच दिवाळीत आमच्या बदलापूरच्या दोन खोल्यांत स्टिरिओ आला. कॅसेट डेक कपाटाच्या वरच्या फळीवर, अ‍ॅम्प्लिफायर खालच्या, बाजूला दोन स्पीकर. आणला होता धाकट्या बहिणीसाठी. ती गाणं शिकत होती. तानपुरा घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून तानपुऱ्याची कॅसेट लावून ती रियाज करी.

त्या तानपुऱ्याखाली हूंऽऽ असा एक सलग आवाज घुमायचा. "नवीन आहे, बसेल हळूहळू," आई म्हणाली. आम्हालाही ते पटलं.

थंडी सरता सरता बहीण एकदा क्लासवरून रडतच आली. गायनाच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुझा सा खाली उतरतोय. आधी नव्हता उतरत. असंच राहिलं तर यंदा परीक्षेचा फॉर्म भरू नकोस." आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तिच्यासाठी ही परीक्षा म्हणजे माझ्या पदवीएवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्यांची पेटी मागून घेऊन आली. कॅसेट बंद केली, स्टिरिओ चालूच ठेवला. पांढरी पाचची पट्टी दाबली, मग तिच्या लगतची वरची काळी चार.

"दादा, हा हूं या दोघींच्या मधे आहे. माझा सा काळी चारचा. रोज ऐकून ऐकून मी याच्याकडे घसरतेय."

मी थक्क झालो. आम्हाला जो नुसता त्रास वाटत होता, तो तिच्या गळ्यात जाऊन बसला होता.

रविवारी बाबा आणि मी डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर चादरीत गुंडाळून उल्हासनगरला दुकानात नेले. सिंधी दुकानदाराने आपल्या वायरी आणि स्पीकर जोडले, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. हूं कुठेच नाही.

"साईं, कान लगाके सुनो. मच्छर भी नहीं बोल रहा. मशीन एकदम चंगी है. गड़बड़ तुम्हारे घर में है."

"आमच्या घरात कसली गडबड?" बाबा वाटभर धुसफुसत होते.

घरी जोडलं आणि हूं परत हजर. कॉलेजात सरांनी शिकवलेलं आठवलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा बंद केला, हूं तसाच. ट्यूबलाइट बंद केली, तरी तसाच. मग डेककडून अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारी वायर उपसली आणि एकदम शांत. म्हणजे तो त्या वायरीतूनच शिरत होता.

कपाटामागे डोकावलो. बाबांची नोकरी पॅकिंग खात्यातली. सुटं काही त्यांना बघवत नसे. ती बारीक वायर त्यांनी विजेच्या बोर्डाच्या जाड वायरीला चार-चार बोटांवर दोऱ्याने बांधून टाकली होती. इतक्या सुबक गाठी की हात लावायला मन होईना. पण जाड वायरीतल्या विजेची घरघर बारकी वायर सगळ्या लांबीभर उचलत होती.

"बाबा, या गाठी सोडाव्या लागतील."

"मी बांधल्यात म्हणून?"

"नाही हो. दोन्ही वायरी एकमेकींपासून लांब हव्यात."

ते कपाटामागे वाकले. मग गुडघ्यावर बसून स्वतःच सोडू लागले. "कापू नकोस हं. दोरा चांगला आहे."

बारकी वायर दुसऱ्या बाजूने घेतली. स्पीकरला कान लावला तर किंचित काही ऐकू येई. खोलीत मात्र फक्त तानपुरा. बहिणीने सा लावला, थांबली, पुन्हा लावला. "अजून घसरतो रे."

"लागलेली सवय लगेच कशी जाईल?" बाबा म्हणाले. त्यानंतर रोज ती गायला बसण्याआधी ते कपाटामागे वाकून वायरी बघून येत.

काही आठवड्यांनी तिला न्यायला क्लासवर गेलो, तेव्हा ती बाईंसमोर बसली होती. सा लावला. मी दारातच थांबलो. बाईंचे डोळे मिटलेले, बोटं तानपुऱ्यावर. इतके दिवस त्या इथेच तिला थांबवत.

"हं, पुढे," बाई म्हणाल्या. "आणि उद्या फॉर्म घेऊन ये."