चित्राची पाठ

बुडापेस्टच्या एका कचेरीत ओर्शोयाने बावीस वर्षं चित्रांच्या पाठी तपासण्यात घालवली. युद्धात ज्यू घरांतून लुबाडलेलं चित्र मूळ कुणाचं, हे बहुतेकदा मागे चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीवरूनच कळायचं. "ही बाई नवरासुद्धा आधी पाठमोरा उभा करून बघेल," असं सगळे चिडवायचे. तिने लग्नच केलं नाही.

शुक्रवारी लुटीच्या जुन्या यादीत एक ओळ दिसली: 'होल्त्सेर बेर्नातने. निळ्या वाडग्यातले आलुबुखार.' बेर्नातने म्हणजे बेर्नातची बायको. त्या काळी लग्न झालं की बाईला नवऱ्याचंच नाव, शेवटी फक्त 'ने'.

तसलेच आलुबुखार आईच्या जेवणघरात ओर्शोयाच्या जन्मापासून टांगलेले होते.

रविवारी आईकडे जेवताना तिचा हात चित्राच्या चौकटीकडे गेला, तशी आई खेकसली, "सूप निवतंय. बस गुपचूप!"

"आई, मागची चिठ्ठी तेवढी बघते गं."

"कसली चिठ्ठी? ती तुझ्या आजीने केव्हाच खरवडून काढली."

ओर्शोयाने चित्र उलटं केलं. आजीने नाव अगदी नेटाने खरवडलं होतं. कडेला फक्त 'ने' चिकटून राहिलं होतं. कुणाची तरी बायको.