भोंगवलीची कुंडी

आमचं जाळीघर मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला आहे. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती रोपवाटिका वाटते. दर मे महिन्यात कुणी ना कुणी गाडी थांबवून विचारतंच, लिंबाचं रोप केवढ्याला दिलं. मग सांगावं लागतं, की इथलं एकही रोप विकायचं नाही, कारण इथलं एकही रोप धड नाही. सगळी आजारी आहेत. आम्हीच केली आहेत आणि त्यांना तसंच आजारी ठेवणं हे माझं काम आहे. एकवीस वर्षं करते आहे. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायचा, "काय ताई, घातलं का रोगाला पाणी?" मी म्हणायचे, "घातलं, तुम्हाला पाठवू का थोडा?" सगळी गाडी हसायची.

लिंबाच्या झाडाचा एक रोग आहे. तो बाटलीत राहत नाही, त्याला जिवंत झाड लागतं. म्हणून गावोगावच्या रोगट झाडांच्या फांद्या आणायच्या, त्यांचा डोळा, म्हणजे सालीसकट कोंब, काढून कागदी लिंबाच्या निरोगी रोपावर बांधायचा, आणि ते रोप थकलं की त्याचा डोळा पुढच्या रोपावर. दीड-दोन महिन्यांनी नवी पालवी येते. पान उन्हासमोर धरायचं. शिरांच्या कडेनं फिकट, तुटक रेघा दिसल्या की आम्ही म्हणतो, उतरला. प्रत्येक कुंडीत ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. तिच्यावर नंबर आणि ज्या गावची फांदी त्या गावाचं नाव. सगळा भरवसा त्या पट्टीवर. आमची चाचणी रोग आहे की नाही एवढंच सांगते. सौम्य की जहाल, या गावचा की त्या गावचा, ते पट्टी सांगते. आणि पट्टी मी लिहिते.

भोंगवलीची फांदी आणायला हे काम चालवणारे शास्त्रज्ञ, आमचे सर, आणि मी जीपनं गेलो होतो. त्या भागातली लिंबाची झाडं एकापाठोपाठ वाळत होती, आणि विहिरीच्या कडेचं एक जुनं झाड मात्र लगडलेलं होतं. ते ज्यांचं, त्यांना मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आले. साठीच्या असतील तेव्हा. सरांनी पान उन्हाला धरलं आणि म्हणाले, "मावशी, रोग तुमच्या झाडालाही आहे."

"रोग तुमाला आसंल," मावशी म्हणाल्या. "माजं झाड वर्साला पोत्यानं लिंबं देतंय."

सर हसले. त्यांनी समजावलं, की या झाडातला रोग सौम्य आहे. तो आत घर करून बसलाय, म्हणून बाहेरच्या जहाल रोगाला शिरू देत नाही. देवीच्या लशीसारखं. हा सौम्य नमुना सांभाळला तर उद्या नव्या रोपांना आधीच टोचून ठेवता येईल.

"म्हंजी घरात दांडगी सासू आसली की दारात कुनी भांडाय येत न्हाई, तसं," मावशी म्हणाल्या, आणि विळ्यानं स्वतः फांदी काढून माझ्या हातात दिली. "जपा बाय. आमच्या म्हाताऱ्यानं लावल्यालं झाड हाये."

मी जपलं. सात वर्षं जपलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला ते खरं वाटणार नाही.

उन्हाळ्यात जाळीघराच्या एका भिंतीवर पाणी सोडावं लागतं. पंप पाणी वर चढवतो, पंखे त्या ओल्या भिंतीतून गार हवा आत ओढतात. एका चैत्रात माहेरच्या जत्रेला गेले. तीन दिवस. रजेचा अर्ज केला नाही, कारण आदल्याच महिन्यात रजा झाली होती आणि सरांनी काही म्हणायला नको. रखवालदाराला सांगून गेले. पंपाच्या खोलीची किल्ली मात्र माझ्या पर्समध्येच राहिली. ती कुणाला द्यायची नाही हा माझाच नियम.

परत आले तर पंप जळालेला. त्याच दिवशी सरांना फोन करायला हवा होता. पण मग पंप कधी बंद पडला हे सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा मी कुठं होते हेही. मी भोरच्या मेकॅनिकला गाठलं. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. मी गोणपाटं भिजवून लटकवली, बादल्यांनी जमिनीवर पाणी मारलं. सरांचा फोन आला की म्हणायचे, सगळं ठीक आहे. पंप चालू व्हायला जवळजवळ महिना गेला.

हा रोग उष्णतेनं मरतो. झाड मरत नाही, ते उलट सुधारतं. पश्चिमेच्या पत्र्याला लागून भोंगवलीच्या दोन कुंड्या होत्या. आषाढात त्यांना पालवी फुटली. रुंद, गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी. इतकं निरोगी पान मी त्या कुंड्यांत कधी पाहिलं नव्हतं.

खात्री करून घ्यायला मी चार नव्या रोपांवर त्यांचे डोळे बांधले आणि दोन महिने वाट पाहिली. पानं उन्हाला धरली. एकही रेघ नाही. भोंगवलीचा नमुना गेला होता.

आता यात काय होतं मोठंसं? मावशींचं झाड विहिरीवर उभं होतं. एक फांदी आणायची, डोळे बांधायचे, संपलं. एका रविवारी मी भोरच्या स्टँडपर्यंत गेलेही. भोंगवलीला जाणारी गाडी समोर लागलेली. मी चहा घेतला. मावशी बोलक्या, सरांचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये. त्या हौसेनं फोन करतील की ताई पुन्हा फांदी घेऊन गेल्या, आणि सर विचारतील, पुन्हा का? ती गाडी माझ्यासमोर निघून गेली. मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं, बाजारात गेले होते. पिशवी रिकामी होती.

सरांची पाहणी जवळ आली. पत्र्यापासून लांब, आतल्या गार रांगेत दुसऱ्या एका गावची कुंडी होती, तिला ती झळ लागली नव्हती. त्या गावच्या बागाच्या बागा या रोगानं बसल्या होत्या, म्हणून तो नमुना आम्ही जहाल म्हणून ठेवला होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी काही केलेलं नाही. त्या कुंडीतला डोळा काढून मी नव्या रोपावर बांधला आणि त्यात भोंगवलीची पट्टी खोचली. पाहणीपुरतं, असं स्वतःला सांगितलं. नंतर सवडीनं खरी फांदी आणू.

सरांनी पान उन्हाला धरलं. "यंदा छान उतरलाय, ताई," म्हणाले.

सवड काही झाली नाही. पट्टी तिथंच राहिली. दोन वर्षांनी सरांनी ठरवलं, की आता सौम्य नमुना टोचलेली रोपं शेतात लावून बघायची. बारा रोपं. त्यांचे डोळे मीच बांधले. एरवीसारखेच पटापट बांधून झाले, इतकी सवय झालेली. रोपं कुणाच्या शेतात लावायची यावर सरांना विचार करावा लागला नाही. रोपं घेऊन निघालो आणि जीपमध्ये सरांना मावशींचा फोन आला तेव्हा रोपांची खोकी माझ्या गुडघ्यांना टेकली होती. सर पुढं बसून हसत बोलत होते. मार्गासनीपासून भोंगवलीपर्यंत मला बोलायला दीड-दोन तास होते.

मावशींनी प्रत्येक खड्ड्यात आधी हळदकुंकू टाकलं. सर म्हणाले, "मावशी, तुमच्याच झाडाचा गुण आहे यांच्यात." त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या बायनं जपला म्हनून." मी वाकून माती दाबत राहिले.

पुढच्या वर्षी त्यांनी जुनं झाड तोडलं. मला फोनवर सांगितलं, "सावली पडत व्हती ह्या पोरांवर. म्हटलं, आता म्हाताऱ्याला जाऊ दे, त्याची बारा झाल्यात." मी म्हणाले, बरं केलंत. फोन ठेवल्यावर जाळीघराच्या दोन दारांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले. ज्या झाडावरून सगळं निस्तरता आलं असतं ते आता नव्हतं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी नातवाकडून मोबाईलवर फोटो पाठवला. पानं वाटीसारखी वळलेली, शेंडे वाळलेले. खाली त्यांचा आवाज, "काय कमी पडतंय ओ ताई?" मला एका नजरेत कळलं. मी लिहिलं, शेणखत घाला.

माझ्या हातून घडलेल्या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. पंप जळाला, नमुना गेला, पट्टी बदलली, हे सगळं माझ्या जाळीघरात झालं. पण ‘शेणखत घाला’ हे दोन शब्द वाचून सत्तरीच्या बाईनं डोक्यावरून पाट्या वाहिल्या. आठवड्यानं पुन्हा आवाज आला, "घातलं ताई. आता बगू."

मी आणखी चार महिने गप्प बसले. कदाचित अजूनही बसले असते. पण या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "जाऊबाई मागं लागलीय. तुज्या चांगल्या जातीचं चार डोळे दे म्हनती, माज्या झाडांवर बांदते. देऊ का?"

"देऊ नका," मी म्हणाले. "मी उद्या येते."

दुसऱ्या दिवशी भोंगवलीला उतरले तेव्हा मावशी बांधावर वाट बघत होत्या. मी एका झाडाची बोटाएवढी फांदी तोडली आणि चाकूनं साल सोलली. आतलं लाकूड गुळगुळीत असायला हवं. ते सुईनं टोचल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं होतं. दुसऱ्या झाडाचं तसंच. मग मी सांगितलं. जत्रेपासून सांगितलं. मधे थांबले असते तर पुढचं बोलले नसते, म्हणून थांबले नाही. हेही सांगितलं, की ही झाडं उभी आहेत तोवर मावा, ती बारीक कीड, यांच्यावरून उडून आसपासच्या लिंबांवर तोच जहाल रोग नेणार. आणि शेणखताचं सांगितलं.

त्यांनी सोललेल्या फांदीवरून अंगठा फिरवला.

"सायबास्नी ठावं हाये?"

"नाही. आधी तुम्हाला सांगितलं."

"मला कशापायी आदी? म्या म्हातारी रागावनार न्हाई म्हनून व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "लावा फोन. हितंच. माज्या म्होरं."

मी लावला. सरांना सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला कमी शब्दांत. त्यांनी विचारलं, "कुठल्या कुंडीतला डोळा?" मी नंबर सांगितला. "बाराही आज काढा आणि तिथंच जाळा," ते म्हणाले. "तुमच्याशी मी नंतर बोलतो." नंतर म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि ते व्हायलाच हवं.

मावशींनी कुदळी आणल्या. आम्ही दोघी झाडं काढू लागलो. तीन वर्षांची झाडं, मुळं अजून कोवळी, ती सहज येत होती. सातव्या झाडाला मावशी थांबल्या.

"आवो, जुन्या झाडाच्या बियांची दोन रोपं हायेत की लेकीच्या परड्यात. तिनं नेली व्हती लगीन झाल्यावर. लई मोटी झाल्यात आता. त्यातली फांदी न्या तुमी."

मला वाटलं होतं, सांगायचं ते सगळं सांगून झालं.

"मावशी, बियांतून हा रोग उतरत नाही. ती झाडं निरोगी असतील."

"निरोगी."

"हो. म्हणजे जहाल रोगाला अडवणारं ते त्यांच्यात नसेल. तुमच्या झाडात होतं ते."

त्यांनी काढलेल्या झाडांच्या ढिगाकडं पाहिलं. "मग त्ये आता कुटंच न्हाई."

"कुठंच नाही."

त्यांनी कुदळ खाली टाकली, पदरानं हात पुसले आणि बांधावर जाऊन बसल्या. "ऱ्हायल्याली तुमी काडा," म्हणाल्या.

पाच राहिली होती. ती मी एकटीनं काढली. त्या शेवटपर्यंत बघत बसल्या.