पांढऱ्या दोऱ्याची बाटली

या, असे जवळ सरका. दारात उभं राहून ऐकायची ही काय रीत झाली? आणि तो मोबाइल आधी पालथा ठेवा. मागच्या वेळी मी बोलत होते आणि तुम्ही मान खाली घालून नुसतं हूं हूं करत होता. मला दिसलं नाही असं समजू नका. शाळेच्या लॅबमध्ये उभा जन्म काढलाय मी. मागच्या बाकावर कोण काय करतंय ते मला पाठमोरं असतानाही कळायचं.

"अक्का, तुम्हाला काय काम होतं, बाटल्याच धुवायच्या ना," असं परवा तुमच्यातलंच कोणीतरी म्हणालं. नाव घेत नाही. बाटल्यांचीच गोष्ट सांगते, मग ठरवा.

तर असं झालं होतं. लॅबच्या लांब टेबलावर सगळ्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या आणि एकीवरही नाव नाही. काही पांढऱ्या पुडीच्या, काही पाण्यासारख्या. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला कोमल मॅडम, आमच्या नवीन विज्ञान शिक्षिका, एमएस्सी झालेल्या. दारात मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हाताची घडी घालून. सर मराठीचे. ॲसिडच्या बाटलीपासून ते नेहमी चार पावलं लांब उभे राहायचे.

"आता यात काय आहे ते कोण सांगणार?" सर म्हणाले.

कोरोनात शाळा मार्चात बंद झाली. मधे थोडी उघडली, पुन्हा मिटली. शेवटी नीट सुरू झाली तेव्हा मी आधी लॅबचं कुलूप काढलं. आत कोंदट वास. भिंतीतून ओल आलेली. आणि बाटल्यांवरची लेबलं कसरीनं खाल्लेली. कुठे एक अक्षर उरलेलं, कुठे नुसती कडा.

"बठ्ठं साफ शे वं माय," म्हणजे सगळंच साफ झालंय गं बाई, असं माझ्या तोंडून गेलं. माझं माहेर धुळ्याकडचं. घाबरले की तीच बोली येते.

कोमल मॅडम मास्कच्या आतून हसल्या. "अक्का, तुम्ही आमच्याकडच्या? मला वाटलं असोद्याच्या."

"असोदा सासर. पण हसू नका, चूक माझीच आहे."

खरंच माझी होती. लेबलं चिकटवायला शाळा डिंक द्यायची. तो संपला की मागत बसण्यापेक्षा मी घरून मैद्याची खळ करून आणायची. आता खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे किडे फिरकत नाहीत. हे माझ्या आईलाही माहीत होतं. आणि मोरचुदाची निळी बाटली माझ्या डोळ्यांसमोर, त्याच मांडणीवर. पण नाही घातलं. दीड वर्ष कसरीला जेवण वाढून ठेवलं मी.

शाळा सुरू झाली तेव्हा मास्तर लोकांची गंमत बघण्यासारखी होती. भूगोलाचे सर पाऊण तास एकाच फरशीवर उभे राहून शिकवायचे. मोबाइलच्या चौकटीत मावायची सवय लागलेली. गणिताचे सर तास संपला की मुलांना हात हलवून निरोप द्यायचे. मग वर्गातच उभे राहायचे. कोणीतरी बंद करेल याची वाट बघत असावेत. स्टाफरूममध्ये यावरून रोज चिडवाचिडवी. कोमल मॅडमची एक मैत्रीण केळीच्या खोडावर पीएचडी करत होती, तिचंही काम अडकलेलं. मी म्हटलं, "केळी दीड वर्षात घड देऊन मोकळी होते. तुमच्या मैत्रिणीचं काय?" मॅडम म्हणाल्या, "तिच्या गाइडला खत घालावं लागेल अक्का."

हसण्यावारी चाललं होतं, पण मुलांचं काय झालंय ते लॅबमध्ये कळलं. दहावीचा वर्ग आला. मॅडमनी एका मुलीला परीक्षानळी धरायला दिली. परीक्षानळी म्हणजे ती काचेची बारीक नळी. ती तिनं अख्ख्या मुठीत धरली, पेल्यासारखी. त्या मुलीचं नाव पूनम. हुशार, तोंडाळ. लाजून म्हणाली, "मॅडम, व्हिडिओत चिमट्यानं धरतात ते बघितलंय. हातात पहिल्यांदाच आली." आठवीत ही मुलं आमच्या लॅबच्या बाहेरून जायची आणि आता थेट दहावीत येऊन बसलेली. चार महिन्यांनी शाळा सोडणार. पुढे कोण सायन्सला जाईल, कोणाचं लग्न लागेल, कोण पाइपच्या कंपनीत लागेल. लॅब बघायची त्यांची वेळ हीच. पुन्हा येणार नव्हती.

आणि मोठे सर म्हणत होते, प्रॅक्टिकल नको.

"वह्या लिहून घ्या. फळ्यावर आकृती काढा. मार्क देऊन टाकू. सगळीकडे तसंच चाललंय."

"सर, पोहणं फळ्यावर शिकवता येतं का?" मॅडम म्हणाल्या.

"येत नाही. पण कोणी बुडत पण नाही. उद्या पोराचा हात भाजला तर पेपरात माझं नाव येईल. त्या लेबलला कसर लागत नाही."

माणूस वाईट नव्हता. जबाबदारी त्यांचीच होती. बोलून बोलून एवढं ठरलं की शनिवारी सगळ्या बाटल्या ओळखायच्या. एकीचीही शंका राहिली तर लॅबला कुलूप, आणि वह्याच लिहायच्या.

मी म्हटलं, शनिवार कशाला, आत्ता सांगते.

याचं कारण दोरे. मी सातवी पास. यजमान याच शाळेत शिपाई होते. ते गेले, त्यांच्या जागी मला घेतलं, आणि मग लॅबमध्ये पाठवलं. बाटल्यांवर सगळं इंग्रजी. माझी एबीसीडी ॲसिडपासूनच सुरू झाली. ती येईपर्यंत काय करणार? मी प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. ॲसिडला लाल. मीठ, खार असल्याला पिवळा. कॉस्टिक सोड्याला जांभळा. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून गाळलेलं शुद्ध पाणी, त्याला पांढरा. एकाच रंगाचे दोन असतील तर गाठी वेगळ्या. पुढे इंग्रजी वाचता आलं तरी दोरे ठेवले. माझा हात दोऱ्यावर जायचा, डोळा लेबलवर जायचाच नाही. आणि दोऱ्याला कसर लागली नव्हती.

"छान आहे," कोमल मॅडम म्हणाल्या. "तरी तपासू."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर दोऱ्याप्रमाणे आधी नाव लिहायचं, मग तपासायचं."

मला लागलं ते. तोंडावर दाखवलं नाही, पण दोन दिवस मॅडमचा चहा मी बिनसाखरेचा केला. त्या मुकाट प्यायल्या.

शनिवारी दहावीचा वर्ग बाकांवर बसवला. बाटल्यांना हात फक्त मॅडमनी लावायचा, चष्मा आणि हातमोजे घालून. फळ्यावर दोन रकाने. एकावर लिहिलं 'अक्का', दुसऱ्यावर 'तपासणी'. मुलांना क्रिकेटचा स्कोअर लागल्यासारखं झालं. मोठे सर दारातच खुर्ची टाकून बसले.

तपासणी काही अवघड नसते. लिटमस नावाचा कागद असतो. निळा कागद ॲसिडमध्ये बुडवला की लाल होतो. लाल कागद सोड्यासारख्या पदार्थात बुडवला की निळा होतो. साध्या पाण्यात दोन्ही कागद आहेत तसेच राहतात. पुड्या असतील तर तारेच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरायच्या. मिठाची ज्योत पिवळी, मोरचुदाची हिरवी.

मी नाव सांगायची, मॅडम तपासायच्या. एकामागून एक बरोबर. मुलं टाळ्या पिटायला लागली. एक जण म्हणाला, "अक्कांनाच एमएस्सी द्या." मोठे सरही खुर्चीत जरा सैल झाले. मधे मॅडमनी विचारलं, "अक्का, कॉस्टिक सोड्याची बाटली दिसत नाही?"

"संपली असेल," मी म्हटलं. बघा, किती सहज म्हटलं.

शेवटी पांढऱ्या दोऱ्याची बाटली राहिली. मी ती उचलून सरळ पलीकडे ठेवली. "हे पाणीच आहे. यात काय तपासायचं? पिचकाऱ्या भरून घेते." पिचकाऱ्या म्हणजे प्लॅस्टिकच्या दाबायच्या बाटल्या. प्रॅक्टिकलला प्रत्येक टेबलावर एक ठेवायची. नळ्या धुवायला, आणि कोणाच्या डोळ्यात काही उडालं तर तेच पाणी मारायला.

मॅडमही थकल्या होत्या. त्यांनी हातमोजे काढायला घेतले.

"मॅडम," पूनम बाकावरून म्हणाली, "तुम्हीच म्हणालात सगळ्या तपासायच्या."

"अगं, ते पाणी आहे," मी म्हटलं.

"पाणी असेल तर कागद तसाच राहील ना अक्का. मग तुमचा अजून एक मार्क."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. हातमोजे पुन्हा चढवले. लाल कागद बुडवला.

कागद निळा झाला.

त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही निळा. मग परीक्षानळीत थोडं ओतून फिनॉल्फथॅलिनचा एक थेंब टाकला. हे नाव म्हणायला मला दोन वर्षं लागली होती. त्याचा थेंब पाण्यात पडला तर काही होत नाही. सोड्यात पडला तर गुलाबी. नळी गुलाबी झाली, लग्नातल्या सरबतासारखी.

मला तिथंच सगळं आठवलं. शाळा बंद व्हायच्या आदल्या दिवशी कॉस्टिक सोड्याच्या बाटलीचं काचेचं बूच अडकलं होतं. तो सोडा काचेला काच धरून बसवतो, म्हणून त्याला रबरी बूच लावतात. ते मी लावलं नव्हतं. ओढताना बाटलीचा गळाच तुटला. आतलं द्रावण वाया जाऊ नये म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं. काचा उचलल्या, जांभळ्या दोऱ्यासकट टाकून दिल्या. एसटीची वेळ झाली होती. म्हटलं, नवा दोरा उद्या बांधते. तो उद्या दीड वर्षानं उजाडला.

मी स्टुलावर बसले. कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि मी तोच डोळे धुवायला भरून ठेवणार होते.

मोठे सर उठून आत आले. पहिल्यांदाच इतके आत. "झालं? मी हेच म्हणत होतो. कुलूप लावा."

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "दोरा मी बांधला नाही. मुलांचं प्रॅक्टिकल त्यापायी नका थांबवू. माझ्या नावानं काय लिहायचं ते रजिस्टरमध्ये लिहा."

"अक्का, तुमची रिटायरमेंट दोन महिन्यांवर. कशाला लिहायचं?"

"लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "आणि कुलूप नाही लावायचं, सर. शंका राहिली तर लॅब बंद, असं ठरलं होतं. आता एकाही बाटलीची शंका राहिलेली नाही. राहिली असती, पण ती या पूनमनं राहू दिली नाही."

सर पूनमकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू गेल्या आठवड्यात माझ्या व्याकरणाच्या तासाला पण अशीच आडवी आली होतीस."

"सर, तेव्हा पण मी बरोबर होते."

वर्ग हसला. सर नाही हसले, पण खिशातून पेन काढलं. "लेबलं कुठायत? मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. कोणी भरलं, कधी भरलं, खाली सही. त्याशिवाय एकही बाटली टेबलावर येणार नाही."

मी तिथंच गॅसवर चंचुपात्रात खळ केली. या वेळी मोरचूद घालून, मॅडमसमोर. मुलांनी लेबलं लिहिली. सरांचं अक्षर मोत्यासारखं. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीचं लेबल त्यांनी स्वतः लिहिलं: 'कॉस्टिक सोडा. पाणी नव्हे.' दोरा मी कापला आणि जांभळा बांधला. गाठ मात्र मॅडमनी मारली.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल झालं. प्रत्येक पोरानं आपल्या हातानं नळी गुलाबी केली आणि मग ॲसिडचे थेंब टाकून तो रंग घालवला. दोन नळ्या फुटल्या. हात कोणाचा भाजला नाही. रजिस्टरमध्ये माझी चूक माझ्याच अक्षरात आहे. जाऊन बघा, आत्ताही असेल.

मॅडमच्या चहात मी त्या शनिवारपासूनच साखर घातली. त्यांनी कारण विचारलं नाही.

मला काय कळलं म्हणाल, तर दोरा फक्त मला वाचता येत होता. मी नसते, तर ती खूण कोणाच्या कामाची? आणि मी असतानाही चुकलीच की.

निरोपाला शाळेनं शाल दिली. कोमल मॅडमनी कोऱ्या लेबलांचा गठ्ठा दिला. पूनमनं त्यावर लिहिलं होतं, 'आधी तपासा'. आता माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव आहे, कधी भरलं तेही आहे. सून हसते, हसू दे.

म्हणून म्हणते, पुन्हा या लवकर. असोद्याला बस दारापर्यंत येते. हिवाळा आहे तोवर या, भरताची वांगी चांगली मिळतात. फोन करायची गरज नाही. दुपारी माझा डोळा लागलेला असला तर उठवू नका. चहापत्ती, साखर, सुंठ, सगळ्यांवर लेबल आहे. आपला आपण चहा टाका, आणि एक कप माझ्यासाठी झाकून ठेवा.