कांद्याच्या पेशीतला बुडबुडा

कर्वेनगरात आमच्या कॉलेजसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या काढून देत बसायचे. नाव कुणीच विचारलं नाही. पेन्सिलीचं टोक आधी स्वतःच्या गालाला टोचून बघत, मगच कागदाला लावत. गालाची पेशी गोलसर, कांद्याची विटेसारखी. पण कांद्याच्या तिसऱ्या पेशीत हमखास एक बुडबुडा असायचा.

मला सूक्ष्मदर्शकातून तो काही दिसला नाही. म्हणून आकृती मीच काढली. सरांनी लाल शाईत विचारलं, "बुडबुडा कुठे आहे?"

मी तणतणत पायरीवर गेलो. मान वर न करता ते म्हणाले, "पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, हे शिकलात ना? ही तुमच्या सरांच्या जर्नलातल्या पेशीपासून झालीय. तेही मीच काढलं होतं. तेव्हा काचेखाली हवा अडकली होती. तुम्हाला कांद्यात बघायला कुणी सांगितलं?"

पुढे मी शाळांसाठी सीडी बनवणाऱ्या कंपनीत लागलो. पहिलंच काम कांद्याची पेशी. बुडबुडा नाही म्हणून साहेबांनी ती परत पाठवली. तेही आमच्याच कॉलेजचे.

मी निमूटपणे बुडबुडा काढला. आता तो राज्यभरातल्या कांद्यांत आहे.