बंडखोरांचं निशाण रंगवणारा येर्मोलाय

रशियातल्या व्होल्गाकाठच्या अर्दालियोन मालकांनी आपल्या येर्मोलाय या भूदासाला मॉस्कोत एका जर्मन चित्रकाराकडे पाच वर्षं शिकायला ठेवलं होतं. परत आल्यावर त्यानं पहिलं चित्र काढलं ते मालकांचंच.

"गालावर देवीचे व्रण काढायला कुणी सांगितलं?"

"आहेत म्हणून काढले, मालक."

तबेल्यात पन्नास फटके बसले. दुसऱ्या दिवशी बसवेना, म्हणून त्यानं उभ्यानंच गाल गुळगुळीत करून दिले. पुढची बारा वर्षं हे असंच चाललं.

मग जमीनदारांविरुद्धच्या बंडाचा उन्हाळा आला. भर दुपारी बंडखोर कोसाक घोडेस्वारांनी हवेली फोडली, मालकांना ओढत आणून वेशीच्या कमानीला टांगलं. येर्मोलायच्या अंगात मालकांनी टाकून दिलेला हिरवा कोट होता.

"हा बघा आणखी एक साहेब!" म्हणत त्याच्याही गळ्यात फास पडला.

त्याची बायको उस्तिन्या गर्दीत घुसली आणि तिनं त्याचे कपडे पाठीवरून टराटरा फाडले. "मेल्यांनो, डोळे फुटले का तुमचे? पाठ बघा ही! साहेबाला कुणी असं सोलतं का? चित्रं काढणारा भूदास आहे हा!"

म्होरक्या हसला. "सोडा रे त्याला! पण चित्रं काढतोस ना? मग आमचं निशाण रंगव."

येर्मोलायनं ते मालकांच्या लोंबत्या पायांखाली बसून रंगवलं. निशाणावरचा क्रूस सरळ आला.

तीन आठवड्यांनी सरकारी फौज आली. पकडलेलं निशाण फडकवत अधिकाऱ्यानं विचारलं, "हे कुणाचं काम?"

येर्मोलायच पुढे झाला. "माझं. गळ्यात दोरी होती, साहेब."

लाकडाच्या ओंडक्यावर त्याच्या उजव्या हाताची चार बोटं तोडली. उस्तिन्यानं हात उकळत्या डांबरात बुडवला तेव्हा कुठे रक्त थांबलं.

दोन वर्षं तो डाव्या हातानं पाटीवर रेघा ओढत राहिला. चिडून पाट्या फोडायचा, उस्तिन्या नव्या आणायची. डावा हात वळल्यावर बंडातून वाचलेल्या मालकीणबाईंनी त्याला बोलावलं. "आमच्या यजमानांचं चित्र काढ. आठवणीतून."

"बाईसाहेब, मला ते कमानीलाच आठवतात. तसेच काढू?"

बाईंनी फाडकन मुस्कटात मारली, पण परत कधी बोलावलं नाही. त्यानं उरलेलं आयुष्य गावच्या देवळात संत रंगवण्यात घालवलं. डाव्या हातानं काढलेली त्यांची तोंडं जरा वाकडी आली. गावकरी जुन्या, गुळगुळीत गालांच्या संतांना सोडून त्यांनाच मेणबत्त्या लावत.